सहा पट्टे, सात माणसं

सहलीला निघायच्या आदल्या शनिवारी टिबेट्स कुटुंबात सहलीची रंगीत तालीम होती.

मोटरहोमवाल्या, म्हणजे घरासारखी गाडी घेऊन फिरणाऱ्या, लोकांची ही जुनी रीत. लांब निघण्याआधी एक रात्र आपल्याच दारात मुक्काम करायचा, म्हणजे नळ गळत असेल तर तो घराजवळच गळतो. पण वेंडेल टिबेट्सची एक अडचण होती. त्यांच्या सोसायटीच्या नियमाप्रमाणे असलं वाहन सूर्यास्तानंतर दारात उभं करता येत नाही. हा नियम स्वतः वेंडेलनेच पूर्वी, पलीकडच्या घरातल्या माणसाच्या बोटीवर डोळा ठेवून लिहिला होता. बोट गेली, तिच्यामागोमाग तो माणूसही गेला. नियम राहिला.

तेव्हा रात्रीचा मुक्काम भरदुपारी करायचं ठरलं.

वेंडेल जन्मभर काउंटीच्या रस्ते खात्यात होता. निवृत्तीनंतरची पहिली सहलही त्याने उड्डाणपूल आखावा तशी आखली. अॅस्टोरियापासून दक्षिणेला ब्रुकिंग्सपर्यंत, किनाऱ्याकिनाऱ्याने, समुद्र सतत उजव्या हाताला. मोटरहोम तो स्वतः चालवणार. मागे दांडीला बांधलेली छोटी गाडी. आत सीटबेल्ट सहा आणि माणसंही सहा: वेंडेल, बायको कोरिन, मुलगी ब्रिन, जावई कर्ट आणि ब्रिनच्या दोन जुळ्या मुली.

सातवं माणूस म्हणजे कोरिनची आई, आर्डिस. तिची सोय आठवडाभर वृद्धनिवासात केली होती. हे तिला समजावून सांगायचं काम वेंडेलने आपणहून अंगावर घेतलं.

"आर्डिस, तुम्हाला तिथं किती मोकळं वाटेल बघा," तो म्हणाला होता. "जेवण आयतं. हवा तो चॅनेल लावा, कुणी अडवणार नाही. आणि समुद्राचा वारा या वयात सांध्यांना चांगला नाही हो."

"हो का," आर्डिस म्हणाली होती.

"दरीखोऱ्यातले रस्ते, गाडीत झोपायचं... तुम्हाला सवय नाही त्याची."

"माझा नवरा, व्हर्ल, होता तेव्हा आम्ही ट्रेलर घेऊन अलास्काला गेलो होतो."

"तेच म्हणतोय. तेव्हाची गोष्ट वेगळी," वेंडेल म्हणाला, आणि विषय त्याच्यापुरता संपला.

तर शनिवारी दुपारी दोन वाजता वेंडेलने ड्रायव्हरशेजारचं बटण दाबलं. मोटरहोमची एक भिंत, तिच्यावरचा सोफा आणि खिडकी यांच्यासकट, घरघरत बाहेर सरकली. आत एकदम दिवाणखान्याएवढी जागा झाली. मुलींनी टाळ्या वाजवल्या.

"आता रात्र झाली असं समजा," वेंडेलने जाहीर केलं. "नाइटड्रेस घाला. आपापल्या जागी झोपा."

"बाबा, बाहेर ऊन आहे."

"पडदे आहेत."

कर्ट केबिनवरच्या फळीवर चढून पडला आणि पाचच मिनिटांत खरोखर घोरायला लागला. तालमीत मनापासून काम करणारा तो एकटाच. तेवढ्यात आर्डिस वॉकर टेकत आत आली. "नुसतं बघते," म्हणत ड्रायव्हरच्या सीटवर जरा टेकली, वाकून चपला नीट केल्या, मग सोफ्यावर जाऊन बसली आणि विणकाम काढलं. कोरिनने तिच्या पाठीला उशी लावली. अपराधी माणसं अशा वेळी फार अदबशीर होतात.

चार वाजता वेंडेलने 'सकाळ' केली. सगळे उठले. त्याने भिंत आत घ्यायला बटण दाबलं. भिंत हलली नाही.

पुन्हा दाबलं. जोरात दाबलं. मग कर्टला दाबायला सांगितलं, जणू बटणाला माणसाची ओळख लागते.

"हँडब्रेक लावलाय ना? त्याशिवाय भिंत हलत नाही म्हणे," कर्ट म्हणाला.

"मी रस्ते खात्यात होतो, कर्ट."

"म्हणजे लावलाय ना?"

लावलेला होता. कर्टने मोबाइलवर व्हिडिओ पाहिले. भाड्याच्या कंपनीला फोन लावला. तिथून संगीत ऐकू येत राहिलं. कोरिन बाहेर गेली आणि लगेच परत आली.

"वेंडेल, ती भिंत डार्लीनच्या रोडोडेंड्रॉनमध्ये शिरलीय."

डार्लीन फिच म्हणजे शेजारीण आणि सोसायटीची अध्यक्षा. झाड ऐन बहरात होतं. ती हात कमरेवर ठेवून उभीच होती.

"वेंडेल, माझ्या झाडातून तुझी सासू मला हात करतेय."

"तांत्रिक अडचण आहे, डार्लीन. उद्या सकाळपर्यंत..."

"उद्या? नियम काय म्हणतो? 'कोणत्याही कारणास्तव', असं लिहिलंय. कुणी लिहिलंय, ते बोलत नाही मी. सूर्यास्ताला टो करणाऱ्याला फोन करणार."

"भिंत बाहेर असताना टो नाही करता येत!"

"मग आधी आत घे," डार्लीन म्हणाली.

गाडी टो झाली की कंपनी ती परत घेणार आणि सहल तिथेच संपणार, हे सगळ्यांना कळत होतं. मुली रडायला लागल्या. ब्रिन त्यांना हॉट डॉग भाजून द्यायला लागली. गल्लीतले चार लोक वासावर आले आणि सल्ले देऊ लागले. एकाने भिंतीला खांदा लावला. सूर्य समोरच्या छपरावर टेकला.

"आई, तू जरा उतर ना खाली," कोरिन म्हणाली. "वजनाने अडकली असेल."

"माझ्या वजनाने?" आर्डिस टाके मोजत म्हणाली. "फ्यूज नाहीये म्हणून अडकलीय."

सगळे तिच्याकडे वळले.

"कुठला फ्यूज?" वेंडेलने विचारलं.

आर्डिसने स्वेटरच्या खिशातून नखाएवढा निळा तुकडा काढून दाखवला. "हा. ड्रायव्हरच्या पायाशी असतो. अलास्कात दोनदा गेला होता. तेव्हाची गोष्ट वेगळी म्हणा."

"आर्डिस, द्या तो इकडे."

"देते की. पण मला इथं फार मोकळं वाटतंय."

"पट्टे सहाच आहेत हो! कायदा आहे!"

"कायदा मोडायला कोण सांगतंय? छोटी गाडी कशाला बांधून न्यायची? कुणीतरी चालवत आणावी."

"आणि मोटरहोम कोण चालवणार?"

कर्टने हळूच हात वर केला. कॉलेजात असताना तो फर्निचरचा ट्रक चालवायचा, हे लग्नानंतर प्रथमच कुणीतरी ऐकून घेतलं.

वेंडेलने बायकोकडे पाहिलं. कोरिन बाहेरच्या सूर्याकडे पाहत होती.

"तुझी पाठ धरते, वेंडेल," ती प्रेमाने म्हणाली. "या उंच सीटवर तुला नाही झेपणार. मागच्या गाडीत हवं ते गाणं लाव, कुणी अडवणार नाही. आणि झोपायला गॅरेजमधला तंबू आहेच."

फ्यूज बसला. भिंत घरघरत आत गेली आणि येताना रोडोडेंड्रॉनची एक फांदी घेऊन आली. आर्डिसने ती ग्लासात ठेवली.

सोमवारी दुपारी १०१ नंबरच्या हायवेवर मोटरहोम डौलात चाललं होतं. मागच्या छोट्या गाडीत वेंडेल होता. त्याच्यापुढे मोटरहोमची पाठ, तिच्यावर टांगलेल्या चार सायकली आणि शिडी. वळणावर समुद्र येत असावा, कारण पुढून मुलींचा ओरडा ऐकू येत होता.

फोन वाजला. पुढच्या सीटवरून आर्डिस बोलत होती.

"वेंडेल, देवमासा दिसला रे आत्ता! उजव्या हाताला, अगदी तू आखलं होतंस तसं. तुला दिसला का? नाही? बरं, तुला तिथं किती मोकळं वाटत असेल!"

"हो का," वेंडेल म्हणाला.