शीत गटाला एक मत

दगडाला भावना नसतात, हा समज आता मागे पडला आहे. नैसर्गिक दगड स्वभावाने उष्ण असतो किंवा शीत असतो, आणि फरशी बसवण्यापूर्वी त्याची नीट चौकशी केली नाही, तर संसार कसाही झाला तरी दिवाणखाना सुखाचा होत नाही. पिवळसर, बदामी, विटकरी हे उष्ण. करडे, निळसर, हिरवट हे शीत. (काळा कडप्पा कोणत्या गटातला, याबद्दल तज्ज्ञांत एकमत नाही. तो ओट्याला असतो, आणि ओट्याशी तज्ज्ञांचा संबंध येत नाही.) पपई, अंडी आणि सुकट यांच्याप्रमाणे पिवळा दगडही उष्ण पडतो, हे आता चिखलीत शेंबडं पोरसुद्धा सांगेल.

अर्जुनरावांना मात्र ते साठीला आल्यावर कळलं. चाकणच्या एका कंपनीत एकतीस वर्षं त्यांनी तपासणी विभागात काढली. येणाऱ्या प्रत्येक सुट्या भागाला हिरवा नाहीतर लाल कागद चिकटवणं हे त्यांचं काम, आणि ते त्यांनी इतक्या निष्ठेनं केलं की लग्नाच्या पंगतीतली जिलबीही ते आधी उजेडात धरून बघत. निवृत्तीनंतर पिंपळे गुरवच्या शहाबादी फरशीच्या दोन खोल्या सोडून कुटुंब चिखलीत पाचव्या मजल्यावर आलं. बिल्डरनं घातलेल्या टाइल्स चांगल्या होत्या, म्हणून त्या उखडायचं ठरलं. मुलगा गणराज यानं सजावटीसाठी मंजुषा मॅडमना बोलावलं. मॅडमनी पहिलाच प्रश्न विचारला, की घर वॉर्म हवं की कूल. अर्जुनराव म्हणाले, पश्चिमेची खिडकी आहे, संध्याकाळी तापतंच. मॅडम गोड हसल्या. त्या हसण्यानं अर्जुनराव जरा दुखावले आणि हा विषय कंपनीच्या शिस्तीनं हाताळायचा असं त्यांनी ठरवलं.

दगडाचे सात नमुने मागवण्यात आले. अर्जुनराव, गणराज आणि सून रुपाली असे तीन निरीक्षक नेमले गेले. प्रत्येकानं सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी प्रत्येक नमुन्याकडे दोन मिनिटं बघून मनाला काय वाटलं ते लिहायचं. एकूण नोंदी त्रेसष्ट: 'छान' बावीस, 'बरं' एकोणीस, 'मघासारखंच' एकवीस आणि चहाचा डाग एक. नमुने गॅलरीतून हॉलमध्ये आणि हॉलमधून गॅलरीत नेण्याचं काम अर्जुनरावांच्या पत्नी सुमनताई यांच्याकडे होतं. (त्या निरीक्षक नव्हत्या. प्रत्येक विभागाला उचलठेवीचं मनुष्यबळ लागतंच.)

तिसऱ्या दिवशी, सातवा नमुना भिंतीला टेकवून ठेवताना सुमनताई आपण होऊन बोलल्या.

"मला रंगातलं काय कळतंय? दुपारचं पाय टेकले की गार लागावं, एवढंच बघा."

कंपनीत एक थोर पद्धत आहे. अडचण कुठलीही असो, पाच वेळा 'का' विचारायचं. पाचव्या उत्तरात मूळ कारण हाती लागतं. अर्जुनरावांनी वही उघडली. गार का हवं? तर तळपायांची आग होते, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. आग का होते? तर जन्मभर उभं राहून. उभं का राहिलात? तर तुमच्या तिन्ही शिफ्टचे डबे कोण करणार होतं, असं सुमनताईंनी शांतपणे सांगितलं. चौथा 'का' विचारण्याऐवजी अर्जुनरावांनी चहा मागितला. (चौकशी तपासणी विभागाकडेच वळू लागली, तर ती थांबवण्याचा अधिकार विभागाला असतो.) मग त्यांनी वहीत स्वच्छ अक्षरात लिहिलं: शीत गटाला एक मत.

आणि आश्चर्य म्हणजे तेच मत निर्णायक ठरलं. गणराज उष्णाकडे, रुपाली शीताकडे, अर्जुनराव तटस्थ. घरातल्या बाईच्या शब्दाला एवढा मान त्या इमारतीत याआधी मिळाला नसावा. निळसर करडा दगड आला, बसला, त्याला पॉलिश झालं. पहिल्या दुपारी सुमनताई त्यावर आडव्या झाल्या आणि दोन तास गाढ झोपल्या. त्यांना झोपलेलं बघून अर्जुनरावांना मनापासून बरं वाटलं.

चौथ्या दिवशी मंजुषा मॅडम पाहणीला आल्या. काम उत्तम झालं होतं. पण शीत रंगाचा दगड एकटा राहिला की घरात दुरावा जाणवतो, त्याला उबेची जोड लागते, हे त्यांनी समजावून सांगितलं. मुद्दा शास्त्रशुद्ध होता. हॉलमध्ये आणि दोन्ही खोल्यांत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाड विटकरी गालिचा पसरण्यात आला. त्याखाली दगड आजही पूर्णपणे शीत आहे, याबद्दल कुणाच्या मनात शंका नाही. स्वयंपाकघरात तेवढी फरशी मोकळी राहिली, पण ती उभं राहण्यासाठी आहे.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी अर्जुनरावांना जाग आली, तर सुमनताई घरात नव्हत्या. लिफ्ट बंद होती, म्हणून ते जिन्यानं निघाले. चौथ्या मजल्याच्या वळणावर सुमनताई भिंतीला टेकून, पाय पसरून बसल्या होत्या. शेजारी आणखी तिघी. जिन्याला बिल्डरनं कुणालाही न विचारता साधा, गार कोटा दगड घातला होता. चौकशीत असं निष्पन्न झालं की तिघींपैकी दोघींचं घर उष्ण आहे, एकीचं शीत. गालिचा तिन्ही घरांत आहे.

अर्जुनरावांना लाज वाटली. काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी विचारलं, घरातली फरशी आवडली नाही का?

"लई चांगली हाय की," सुमनताई म्हणाल्या. "पाहुणे नाव काढत्यात."

आमच्याकडे असलं काही नाही, आम्ही घरात विचारूनच फरशी घेतली, असं म्हणणाऱ्या वाचकांचं अभिनंदन. त्या विचारण्याला "तुम्हाला आवडेल ती घ्या" असं उत्तर मिळालं असणार, आणि आपण ते होकार म्हणून नोंदवलं असणार. आत्ता दुपार असेल तर आपल्या इमारतीचा जिना एकदा बघून यावा. (लिफ्टनं जाऊ नये. लिफ्टमधून ती माणसं दिसत नाहीत.)