नोरीनमावशीच्या आंब्यावरच्या मुंग्या

नोरीनमावशीच्या डोळ्यांदेखत जावयाने आंब्यावरचं हिरव्या मुंग्यांचं घरटं तोडलं, प्लास्टिकच्या पिशवीत कोंबलं आणि वर गाठ मारली. मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. महिनाभर राखलेलं घरटं ते. पलीकडच्या वस्तीवर तिची धाकटी बहीण हेझेल खोकून खोकून अर्धी झाली होती, आणि तिच्या छातीला या मुंग्यांच्या काढ्याशिवाय कशाचा गुण येत नसे.

पण बोलणार कशी? आम्हा ऑस्ट्रेलियाच्या आदिवासींत सासू-जावई एकमेकांशी बोलत नाहीत, एकमेकांकडे बघत नाहीत, नाव तर घेतच नाहीत. इकडचं तिकडे सांगायला मुलगी शार्मेन असते, पण ती नेमकी दवाखान्यात कामावर गेलेली. उरला कुत्रा.

"टायसन," मावशी जावयाकडे पाठ करून कडाडली, "लाज नाही वाटत? माझ्या बहिणीचं औषध चोरतोस?"

टायसनने शेपूट घातली.

जावयानेही पाठ फिरवून कुत्र्यालाच उत्तर दिलं. "टायसन, बाबा, डार्विन शहरातल्या हॉटेलवाल्याला शब्द दिलाय. संध्याकाळी तो पाहुण्यांना आइस्क्रीमवर तीन-तीन मुंग्या वाढणार आहे. उद्या दुसरं घरटं आणून देतो म्हणावं."

"तीन-तीन! टायसन, हेच शहरवाले आम्हाला मुंग्या खाताना बघून नाकं मुरडायचे. आता बश्या चाटतात. आणि हेझेलने उद्यापर्यंत खोकत बसायचं होय रे?"

"वाटेत त्यांना बहिणीकडे सोडतो म्हणावं. मुंग्या मात्र हॉटेलात जाणार."

मावशी रिकामा डबा घेऊन टायसनसह पिकअपच्या हौद्यात बसली, रस्त्याकडे तोंड आणि जावयाकडे पाठ. जावयाने पिशवी आपल्या शेजारच्या सीटवर ठेवली. घरट्यातल्या एका काटकीने पिशवीला भोक पाडलं होतं, ते त्याला दिसलं नाही. गाडी खड्ड्यात आदळली तेव्हा मावशीची मान वळली. काचेतून तिला मुंग्यांची रांग दिसली. ती जावयाच्या दंडावरून कॉलरकडे निघाली होती.

काचेवर एक थाप पुरली असती. मावशीने हात उचललाही. मग हेझेलचा खोकला आठवला आणि हात खाली आला.

"टायसन," ती म्हणाली, "जावयाकडे बघायचं नसतं. म्हणजे मी काही बघितलेलंच नाही."

पाचेक मिनिटांत गाडी करकचून थांबली. जावई बोंबलत बाहेर पडला, रस्त्यातच नाचला, सदरा काढून मागे हौद्यात भिरकावला आणि अंग चोळत झुडपांत पळाला. मावशीने रीतीप्रमाणे तोंड फिरवलं. सदरा मुंग्यांनी हिरवागार झाला होता. चार-दोन तिलाही डसल्या, पण तिने तो तसाच गुंडाळून डब्यात कोंबला आणि झाकण दाबलं. हॉटेलवाल्यासाठी पिशवीत नुसता पाला उरला.

तासाभराने हेझेलच्या चुलीवर तो डबा उकळला, सदऱ्यासकट. हेझेलने पेला रिकामा केला. उबळ जरा बसली, तशी तिने जिभेवर चव घोळवली.

"आंबट नेहमीसारखंच आहे ग ताई. पण या खेपेला खारटही लागतंय. कोणाचा हात लागलाय?"

अंगणात जावई उघडाबंब बसून अंग खाजवत होता. नोरीनमावशीने तिकडे पाठ केली आणि पेला पुन्हा भरला.

"त्याचं नाव मला घेता येत नाही," ती म्हणाली. "तुलाही यायचं नाही. पी गुमान."