टॉवरचं ऐकायचं

"दोन्ही पायलट आडवे झाले तर?" बाबांनी विचारलं.

टेबलावर लेकीने पाठवलेली विमानाची तिकिटं पडली होती. नात दोन महिन्यांची झाली, तरी बाबांचा पाय जमिनीवरून सुटत नव्हता.

"तर तुम्ही उतरवा," आई म्हणाली.

तिने थट्टा केली होती. पण बाबा पडले घड्याळजी. यंत्र कळलं की त्यांची भीती जायची. विमान कसं उतरवतात याची कुठून कुठून माहिती मिळवून त्यांनी चार पानं लिहून काढली आणि जेवणाच्या खुर्चीत रोज सराव सुरू केला. हातात लाटणं. समोर शेंगा सोलत आई टॉवर, म्हणजे विमानतळावरून पायलटला सूचना देणारी. नियम एकच: टॉवर सांगेल ते आधी मोठ्याने परत म्हणायचं, मगच हात लावायचा.

"चाकं खाली."

"चाकं खाली."

"आवाजही खाली. शेजारी ऐकतायत."

"आवाज खाली," बाबा म्हणाले.

प्रत्यक्षात दोन्ही पायलट ठणठणीत निघाले. अडकले ते बाबा, विमानाच्या स्वच्छतागृहात. विमान उतरायला लागलं, पट्टे बांधायची सूचना झाली आणि आतून दारावर धडका सुरू झाल्या.

"अगं, कडी सरकत नाहीये! पुन्हा कधी विमानात बसणार नाही मी! घरी चालत जाईन!"

आई धावली. मागोमाग हवाईसुंदरी आली. "बाहेरून उघडता येतं, काकू," असं पुटपुटत तिने दारावरची पट्टी उचलली. आईने ओठांवर बोट ठेवून तिला थांबवलं आणि दाराला तोंड लावलं.

"टॉवर बोलतोय."

धडका थांबल्या.

"बोला, टॉवर."

"श्वास घ्या."

"श्वास… घेतला."

"तीन म्हटलं की कडी डावीकडे. हळू."

"तीनला डावीकडे. हळू."

तीनला हवाईसुंदरीने बाहेरून बोटाने कडी सरकवली. बाबा घामाघूम बाहेर आले, शर्ट नीट करत तिला म्हणाले, "यंत्र कळलं की झालं. उतरवायला मदत लागली तर सांगा हं."

ही कडीची गोष्ट त्यांनी नातीला मांडीवर घेऊन सात वर्षं सांगितली. दर वेळी आई "हो ना" म्हणायची. हवाईसुंदरीच्या बोटाबद्दल ती लेकीशी बोलली ते बाबा गेल्यावर, त्यांचं कपाट आवरताना. तेव्हाच प्रवासातल्या शर्टाच्या खिशात ती चार पानं सापडली. शेवटच्या पानाच्या तळाशी घड्याळजीचं बारीक अक्षर होतं: "कडी बाहेरून सरकली. हिला सांगायचं नाही."

आईने ते वाचलं. मग नियमाप्रमाणे मोठ्याने परत म्हटलं.