दाराशी हजर, कोर्टात गैरहजर

न्यायालय सुरक्षित ठेवण्याचा खात्रीचा उपाय एकच: आत कोणालाही येऊ न देणे. परंतु काही खटल्यांना आरोपी लागतोच, त्यामुळे टॅलो काउंटीत हा उपाय अद्याप पूर्णपणे अमलात आलेला नाही. डेप्युटी ऑर्विल स्टॅम्परने मात्र आपल्या परीने कसर ठेवली नव्हती. कोर्टाच्या दारावरचे तपासणी यंत्र आणि वॉरंट बजावणी ही दोन्ही खाती शेरीफने त्याच्याकडेच सोपवली होती. (माणूस एकच असल्याने दोन्ही खात्यांत समन्वय उत्तम होता.) यंत्राने गेल्या वर्षी विणकामाच्या सुया, एक कुलूप आणि पाद्रीबाबांचा चष्मा एवढी शस्त्रे पकडली. हल्ला एकही झाला नाही, यावरून यंत्राची उपयुक्तता सिद्ध होते.

त्या गुरुवारी ड्वाइट हेन्सली दारात अडकला. ड्वाइट एका गोठ्यावर गाई पिळायचा. ऑर्विलचा शाळेपासूनचा दोस्त. पिकअपचा मागचा दिवा फुटल्याबद्दल त्याची तारीख होती. त्याने टोपी काढली, पट्टा काढला, बूट काढले. यंत्र वाजतच राहिले. गाईने लाथ मारल्यापासून त्याच्या गुडघ्यात पोलादी पट्टी होती, आणि ती काही काढता येईना.

"अरे ऑर्विल, तूच नाही का मला दवाखान्यात नेलंस?"

"नेलं होतं की. पण यंत्राला कुठे माहितेय? वाजायचं थांबलं की जा."

वरून ड्वाइटच्या नावाचा पुकारा झाला. "आलो! इथेच आहे मी!" तो ओरडला. ऑर्विलने त्याला 'ओरडू नये' ही पाटी दाखवली. तिसऱ्या पुकाऱ्यानंतर जज्ज रमोना प्रुइट यांनी गैरहजेरीबद्दल अटक वॉरंट काढले आणि ते बजावणीसाठी खाली आले. इतरत्र फरारी आरोपी शोधायला महिने लागतात. ऑर्विलला मान वळवावी लागली, तीही थोडीच.

"आपलं नाव?" त्याने विचारले.

"डोकं फिरलंय का तुझं?"

"नियम आहे रे. सांग नाव."

"लेका, संध्याकाळी गाई पिळायच्यात. आणखी एक खाडा झाला तर तोंड दाखवू नकोस म्हणालाय मालक. जाऊ दे ना!"

 ऑर्विलला मनापासून वाईट वाटले, म्हणून त्याने बेड्या जरा सैल घातल्या.

कैद्यांना मागच्या दाराने नेतात. तिथे यंत्र नाही. (कैद्यांवर काउंटीचा विश्वास आहे.) अशा रीतीने ड्वाइट एकदाचा कोर्टात पोचला.

"आलात, बरं झालं," जज्जबाई म्हणाल्या. "दिव्याचं पुढच्या महिन्यात बघू. गैरहजेरीची सुनावणी सोमवारी. तोवर कोठडी."

"आणि गाई, बाईसाहेब?"

"गाईंचा अर्ज आलेला नाही."

कोठडीतून एक फोन करू देतात. ड्वाइटने मालकाला केला. मालकाने शांतपणे ऐकून घेतले आणि पुन्हा येऊ नकोस म्हणून सांगितले.

दारातला हा सगळा प्रकार ड्वाइटच्या मागे तपासणीसाठी खोळंबलेल्या रांगेने आपल्या डोळ्यांनी पाहिला होता. 'हा तर इथेच उभा होता' एवढे जज्जबाईंना सांगितले असते तरी पुरले असते. माणसे सगळी भली होती. दोघी-तिघींनी हळहळून च्‌च्‌ही केले. पण ड्वाइटला नेताच पुढची जागा रिकामी झाली, आणि सगळे एकेक पाऊल पुढे सरकले. आपणही सरकला असता. उशीर तर आपल्यालाही झालाच असता.