शालनकाकूंचा एकटीचा संप

शालनकाकू कुठलंही बोलणं पूर्ण करत नाहीत. विसरतात म्हणून नव्हे, ठरवून. ऐन मोक्याच्या जागी वाक्य सोडायचं, समोरच्याकडे क्षणभर रोखून पाहायचं आणि खोलीतून चालतं व्हायचं. एकदा सकाळी मी डोळे चोळत स्वयंपाकघरात आले, तर म्हणाल्या, "अगं, तुझ्या त्या निळ्या स्वेटरचं काल मशीनमध्ये जे झालं ना..." आणि अंघोळीला गेल्या. काकूंची अंघोळ म्हणजे एक स्वतंत्र प्रकरण आहे. तेवढा वेळ मी मशीनचं दार उघडून, हात आत घालून बसले होते. स्वेटर धडधाकट निघाला. त्याला धुतल्यावर छान वास येतोय, एवढंच त्यांना सांगायचं होतं.

हेच त्यांनी इथे आयर्लंडमधल्या डॉक्टरबाईंशी केलं. फोनवर बाईंनी विचारलं, छातीत दुखतं का? काकू म्हणाल्या, "दॅट इज द मेन पॉइंट, डॉक्टर..." आणि फोन ठेवून दिला. अँब्युलन्स निघायचीच बाकी होती. केतकीने धावत जाऊन, हात जोडून सगळं निस्तरलं.

"याला हुक म्हणतात," काकूंनी आम्हाला समजावलं. "प्रेक्षक उद्या परत यायला हवा असेल, तर आज त्याला अर्धपोटी उठवायचं."

केतकी ही त्यांची मुलगी. ती आणि मी चेरीवूडला एकाच ऑफिसात काम करतो आणि जवळच समुद्रकाठच्या डून लेरी गावात एक घर भाड्याने घेऊन राहतो. काकू दोन महिने लेकीकडे राहायला म्हणून पुण्याहून आल्या त्या २०२० च्या फेब्रुवारीत. मार्चमध्ये विमानं बंद झाली आणि आमच्या घरात मेतकूट, लॅपटॉप आणि शालनकाकू अशा तीन गोष्टी कायमच्या मुक्कामाला राहिल्या.

काकू टीव्ही मालिकांचे संवाद लिहीत. वीसेक वर्षं लिहीत होत्या. त्यांच्या वाक्यांवर कितीतरी सासवा कडाडल्या, कितीतरी सुना कोसळल्या. पण त्यांचं नाव पडद्यावर यायचं तेव्हा नेमकी खालून साबणाची जाहिरात वर यायची. "माझं नाव कायम फेसात," असं त्या म्हणत. आणि आता, साठी उलटल्यावर, पहिल्यांदा त्यांची स्वतःची कथा एका वाहिनीने घेतली होती. बँडमास्तरच्या विधवेची गोष्ट. नवरा गेल्यावर ही रेवती त्याच्या दुकानाचं शटर उघडते, त्याचा लाल कोट अंगात चढवते आणि लग्नाच्या वरातीपुढे स्वतः उभी राहते. वाहिनीवाले म्हणाले, रेवतीला तिशीची करा. काकू म्हणाल्या, मग माझं वय पण कमी करून द्या. शेवटी वाहिनीच नमली. रात्री साडेआठची वेळ ठरली. पडद्यावर एकटं नाव येणार होतं: कथा आणि संवाद, शालन जोगदंड.

शूटिंग सुरू होणार त्याच सुमारास लेखकांचा संप होणार अशी कुणकुण लागली. लेखकांचं म्हणणं साधं होतं, मानधन वेळेवर द्या आणि नाव नीट दाखवा. निर्माते घाबरले. मालिका सुरू झाली आणि मध्येच लेखक घरी बसले तर काय? एका दुपारी निर्मात्याचा फोन आला. काकूंचे हात कणकेत होते, म्हणून स्पीकरवर.

"ताई, एक छोटीशी विनंती होती. संपाच्या आधी चाळीस एपिसोड लिहून ठेवता का? तयार एपिसोडची बँक हाताशी असली की आम्ही निवांत."

"म्हणजे मी घरी बसणार आणि माझे कागद कामावर जाणार?"

"तुम्ही तर आयर्लंडमध्ये! तुम्हाला कोण विचारतंय?"

"तेच तर दुखतंय ना," काकू म्हणाल्या. "वीस वर्षांत कोणीच विचारलं नाही."

"मग नाइलाज आहे ताई. प्रोजेक्ट बाजूला ठेवावा लागेल."

"ठेवा. पण एक लक्षात ठेवा..." आणि काकूंनी कणकेच्या बोटाने फोन कट केला. निर्मात्याने नंतर तीनदा फोन केला, काय लक्षात ठेवायचं ते विचारायला. काकूंनी उचलला नाही.

मालिका गुंडाळली गेली. केतकी रडली, मीसुद्धा थोडी रडले, काकूंनी पोळ्या केल्या. जेवताना जाहीर केलं, "आजपासून मी संपावर."

संप म्हणजे संप. लॅपटॉप कपाटात गेला. सामानाची यादी तोंडी. व्हॉट्सॲपवर नुसते अंगठे. व्हिसा वाढवायच्या अर्जाशी मात्र गाडी अडली. सही करायची की नाही? दोन दिवस विचार करून, सही हे लेखन नाही, असा निकाल काकूंनी स्वतःच स्वतःला दिला.

मग त्यांना वाटलं, संप आहे तर निदर्शनं हवीत. त्यांनी कुरिअरच्या खोक्याचा पुठ्ठा कापून झाडूच्या दांड्याला बांधला आणि इथे त्यांचीच पंचाईत झाली. फलकावर लिहायचं कोणी? त्या संपावर! मी म्हटलं, मी लिहिते. "मजकूर माझा म्हणजे लेखन माझंच," काकू कडाडल्या. तेव्हा त्या कोराच फलक घेऊन निघाल्या. रोज संध्याकाळी डून लेरीच्या धक्क्यावर, टोकाच्या दीपगृहापर्यंत आणि परत. नऊवारी नव्हे हो, केतकीचा रेनकोट, कानटोपी आणि हातात कोरा पुठ्ठा. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मी वीस पावलं मागून चालायचे.

पण आयरिश माणसं अजब. कोणी हसलं नाही. लोक थांबून तो कोरा फलक नीट वाचायचे आणि मान डोलवायचे. कुत्रं फिरवणारे एक आजोबा तर रोज टोपी उचलून म्हणायचे, "फेअर प्ले टू यू, मिसेस!" म्हणजे इकडचं शाब्बास.

पुढे तिकडे बोलणी झाली, लेखकांचं बरंचसं मान्य झालं आणि संप झालाच नाही. काकूंची मालिका मात्र बाजूलाच राहिली. त्या वेळेत दुसरी सुरूसुद्धा झाली. मी म्हटलं, "काकू, आता तरी फलक ठेवा. संप झालाच नाही."

"झाला नाही कसा? मी केला ना!"

आमच्या शेजारी नोरा राहते. ऐंशीच्या पुढची, एकटी. पुतणी लांब मलिंगार गावी, पण तेव्हा लॉकडाउनमुळे तिलाही यायची बंदी. मागच्या आवारात दोन्ही घरांच्या मध्ये कंबरेएवढी भिंत. नोराने एकदा विचारलं, फलक कशाचा? काकूंनी मला हाक मारली, "ये गं, भाषांतराला. मला इंग्रजीत भाजी घेता येते, रडता येत नाही." आणि त्यांनी रेवतीची गोष्ट सांगायला सुरुवात केली. लाल कोटाशी आल्या, थांबल्या आणि आत निघून गेल्या.

"अँड?" नोरा मला म्हणाली. "कोटाचं काय झालं?"

"उद्या," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी नोराने भिंतीजवळ खुर्ची आणून ठेवली होती. तेव्हापासून रोज चार वाजता एपिसोड. चारच का, तर तेव्हा भारतात साडेआठ होतात. काकूंना दिलेली वेळ! ऑक्टोबरात इथली घड्याळं मागे गेली तर काकूंनी नोराला तीनला बोलवायला सुरुवात केली. "स्लॉट सोडायचा नाही," म्हणाल्या. मी मीटिंगचा कॅमेरा बंद करून भिंतीशी उभी. रेवतीच्या दिराने दुकान बळकवायला घेतलं तेव्हा नोरा खुर्चीतून उठली. "युअर मॅनला समुद्रात ढकला!" 'युअर मॅन' म्हणजे इकडे 'तो बाबा', तसं मी भाषांतर केलं. काकू खूश झाल्या. "लिहायचं नाही एवढंच ठरलंय. बोलू नये असं कोण म्हणतंय? मालिका चालू आहे. प्रेक्षक एक. टीआरपी शंभर टक्के."

२०२१ च्या उन्हाळ्यात काकूंना तिकीट मिळालं. तोवर गोष्टीत जुना ट्रंपेटवाला परत आला होता आणि रेवती त्याला दुकानात घेणार की नाही, यावर सगळं अडलं होतं. आदल्या दिवशी काकूंनी तिला शटरपाशी आणलं, किल्ली हातात दिली आणि उठल्या. मी भडकले. "काकू, उद्या तुमचं विमान! म्हातारीला शेवट तरी सांगा."

काकू बॅगेत कोरा फलक कोंबत होत्या. "शेवट सांगितला की ती खुर्ची आत नेऊन ठेवेल," म्हणाल्या.

मी बॅग दाबून धरली, त्यांनी चेन ओढली.

आता चार वाजता मी फोन भिंतीवर ठेवते. पुण्याहून काकू, इथे नोरा, मध्ये मी. हुक आला की फोन बंद. पण परवा हुक झाला, नोराने शिव्या घातल्या, मी फोन उचलायला गेले तर तो चालूच होता. पलीकडे पंखा फिरत होता. शेजारच्या कोणाच्या तरी टीव्हीवर मालिकेचं शीर्षकगीत लागलं होतं.

"काकू, कट करायचा राहिला."

"माहितेय," काकू म्हणाल्या. मग म्हणाल्या, "एकटीसाठी ताट वाढून घ्यायचा कंटाळा येतो गं. थोडा वेळ राहू दे चालू."

इतक्या दिवसांत मनातलं बोलणं त्यांनी पूर्ण केलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

"आणि याचं भाषांतर करायचं नाही," काकूंनी दम दिला. "माझा संप अजून चालू आहे."

मी नाही केलं. नोरा उठलेली होती, ती पुन्हा खुर्चीत बसली आणि तिने खुर्ची भिंतीकडे जरा पुढे ओढून घेतली.