सिंधूवहिनींचा काटा

सिंधूवहिनींच्या घरी जेवायला जाणाऱ्याचं दोनदा वजन होत असे. एकदा बूट काढल्यावर आणि एकदा बूट घालण्यापूर्वी. कॅनडातल्या सस्काटूनच्या त्यांच्या घरात दार उघडलं की उजव्या हाताला धान्याची पोती तोलायचा जुना लोखंडी काटा उभा असे. एका गोऱ्या शेतकऱ्याच्या सामानाचा लिलाव होता. बाकीच्या बायकांनी आरसे घेतले, कपबशा घेतल्या. वहिनींनी काटा घेतला आणि तो गाडीत चढवायला माधवला लावलं. माधव म्हणजे त्यांचा नवरा आणि माझा जिवलग मित्र.

जेवून उठलेला माणूस निदान अर्धा किलो जास्त भरला पाहिजे, हा घरचा नियम. "माझ्या दारातून कुणी हलकं गेलेलं नाही," असं त्या म्हणत. उणे तीसच्या थंडीत मी एकदा कोट चढवून निघालो होतो. दोनशे ग्रॅम कमी पडले म्हणून पुन्हा टेबलाशी बसलो आणि दोन पुरणपोळ्या खाऊन सुटलो.

दोन हजार सालानंतर पुण्याहून नवी मुलं येऊ लागली. त्यांतला एक म्हणाला, "काकू, मी कार्ब्स बंद केलेत."

"बरं केलंस," वहिनी म्हणाल्या. "भात घे."

त्यांच्यापुढे कुणाचं काही चालत नसे. उंच, रुंद, साडीवर स्वेटर आणि पायात माधवचे बूट अशा त्या फावडं घेऊन अंगणातला बर्फ शोव्हल करायला उतरल्या की शेजारचा माणूस आपलं बर्फ उडवायचं मशीन बंद करून बघत राही. मीही बघत राही. ही बाई वाऱ्याला नव्हे, वारा हिला वळसा घालून जातो, असं वाटे. आणि असं वाटलं की माझी मान खाली जाई. त्याचं कारण आज लिहून टाकतो. मी आता ऐंशीच्या पुढे आहे.

माधव कॅनडात आधी आला. त्याच्यासाठी साताऱ्याची एक मुलगी सांगून आली, तेव्हा त्याच्या वडिलांनी मला बघायला पाठवलं. मुलगी हुशार होती, धीट होती आणि बारीक होती. त्या काळी बारीक मुलगी म्हणजे घरात खायला नाही, नाहीतर छातीत काहीतरी आहे, असं लोक तोंडावर बोलत. अंगानं भरलेली ती देखणी. मी माधवच्या वडिलांना पत्र लिहिलं, त्यात एक विनोद केला. वडिलांनी त्या विनोदाची अट केली आणि 'आमच्या मुलाचं म्हणणं' म्हणून ती मुलीकडे कळवली. लग्न चार महिने पुढे गेलं.

माधवला हे नंतर कळलं. तो मला म्हणाला, "तुझं नाव सांगितलं तर तुला या घरात जेवण मिळणार नाही. राहू दे माझ्यावरच." मी ते राहू दिलं, पुढे मीही सस्काटूनला आलो आणि चाळीस वर्षं दर रविवारी त्यांच्याकडे जेवलो.

माधव गेला. त्यानंतरच्या हिवाळ्यात एका रविवारी केतकी नावाची मुलगी जेवायला आली. युनिव्हर्सिटीत शिकायला आलेली, गोल चेहऱ्याची, हसरी. काट्यापाशी आली आणि तिचं हसू मावळलं.

"काकू, प्लीज, मी नाही उभी राहणार यावर."

"का गं?"

"मुलाकडच्यांनी फोटो बघितला. आईला म्हणाले, बाकी सगळं छान आहे, दहा किलो कमी करा मग बघू." ती रडायलाच लागली.

वहिनींनी टेबलावरची चादर ओढली आणि काटा झाकून टाकला. इतक्या वर्षांत मी तो झाकलेला पाहिला नव्हता.

"बस इथं," त्या म्हणाल्या. "मला लग्नाआधी वजन वाढवायला सांगितलं होतं. दर शनिवारी सरपणाच्या वखारीत न्यायचे. एका पारड्यात मी, दुसऱ्यात लोखंडी वजनं. हमाल आकडा ओरडून सांगायचा आणि गिऱ्हाईकं हसायची. तेव्हाच ठरवलं, काटा माझ्या घरात असेल आणि आकडा मी वाचीन." मग किंचित हसल्या. "तू माझ्या वेळी जन्मली असतीस तर दारात रांग लागली असती बघ."

"आणि काकांना तुम्ही काही बोलला नाहीत?"

"बोलले नाही. पण मला जाड करून मागवणाऱ्याला माझा एक घास दिसू दिला नाही. हे रोज म्हणायचे, समोर बसून जेव. मी म्हणायचे, नंतर बसेन."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, मीही या बाईला कधी जेवताना पाहिलेलं नाही. भिंतीवर माधवचा फोटो होता. मी उभा राहिलो.

"वहिनी, ते माधवचं म्हणणं नव्हतं. पत्र मी लिहिलं होतं."

"काय लिहिलं होतं? नेमकं सांगा, भाऊजी."

"मुलगी गुणी आहे, पण काडी आहे. कॅनडाच्या वाऱ्यात उडून जाईल."

केतकीनं माझ्याकडे बघितलं आणि नजर वळवली.

"यांना ठाऊक होतं?" वहिनींनी फोटोकडे बघत विचारलं.

"होतं. म्हणाला, माझं नाव सांगितलं तर मला इथं जेवण मिळणार नाही."

"खरंच मिळालं नसतं," वहिनी म्हणाल्या.

वहिनींनी एक ताट घेतलं, खुर्ची फिरवून फोटोसमोर ओढली आणि बसल्या.

"वाढा, भाऊजी."

मी त्या घरात कधी डाव हातात धरला नव्हता. भात सांडला, आमटी ताटाच्या कडेला गेली. केतकी उठून आपलं ताट घेऊन त्यांच्या शेजारी येऊन बसली. वहिनींनी तिच्याकडे न बघता पोळ्यांचा डबा तिच्या बाजूला सरकवला. पहिला घास घेतला तो फोटोकडे बघत, सावकाश, नवी नवरी सगळ्यांसमोर जेवते तसा.

"तूप कमी आहे," त्या म्हणाल्या. मला म्हणाल्या की माधवला, ते कळलं नाही. मी आणखी वाढलं.