आधी पश्चात्ताप, मग पाप

मंगळवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी धाकट्या भावाने पश्चात्ताप केला. पाप त्याने दुपारी, जेवणानंतर करायचे होते.

पश्चात्ताप माणसाच्या सकाळच्या आवाजात उत्तम होतो, ही गोष्ट आता वादातीत मानायला हवी. रात्रभर न बोललेला गळा जड असतो, पोट रिकामे असते आणि रेकॉर्डिंगच्या खोलीतला पंखा अजून करकरायला लागलेला नसतो. पापाला असले काही लागत नाही. ते भरल्या पोटी अधिक नैसर्गिक वाटते. म्हणून ख्रिस्ती कुटुंबांसाठी दर रविवारी संध्याकाळी साडेसातला लागणाऱ्या या रेडिओ नाटिकेत गेली नऊ वर्षे पश्चात्ताप आधी उरकतात आणि पाप मागाहून करतात. (क्षमा करणाऱ्या आईला दुपारी दुसरी नोकरी असल्याने क्षमा साडेनऊलाच मिळून जाते.)

धाकटा भाऊ म्हणजे त्रेपन्न वर्षांचे एक गृहस्थ. नऊ वर्षे तेच काम केल्याने सगळे त्याला धाकटाच म्हणत. त्याने आजवर चारशे बारा वेळा पश्चात्ताप केला होता. सरासरी वेळ अडतीस सेकंद, हुंदके दोन. (तिसऱ्या हुंदक्याला मुले घाबरतात, असा चर्चच्या मंडळीतल्या एका आजींचा लेखी अभिप्राय आहे.) त्या मंगळवारी तर त्याचा आवाज असा लागला की काचेपलीकडचा रेकॉर्डिंगवाला डोळे पुसत बसला आणि बटण दाबायचे विसरला. पश्चात्ताप पुन्हा करावा लागला. दुसरा पहिल्याहून सरस झाला.

हाच माणूस आदल्या संध्याकाळी स्वतःच्या स्वयंपाकघरात बायकोची माफी मागण्यात तीनदा नापास झाला होता.

त्याचे असे झाले. नाटिकेचे लेखक अविवाहित आहेत आणि एका खोलीत एकटे राहतात. भांडायला घरात कोणी नसल्याने कुटुंबात नेमके काय बिनसते, याची माहिती त्यांना बाहेरून मागवावी लागते. त्यासाठी प्रत्येक कलाकाराने महिन्याला एक ‘घरगुती दोष-पत्रक’ भरून द्यायचे असते. रकाने पाच: दोष कोणाचा, कोणाविरुद्ध, नेमके शब्द, पश्चात्ताप झाला का, मुलांच्या कानावर घालण्यास योग्य का. आजवर एक हजार चाळीस पत्रके जमली असून लेखकांनी त्यांची कष्टाने वर्गवारी केली आहे. नवऱ्याचे दोष तीनशे बारा, बायकोचे तीनशे नऊ, सासूचे दोनशे सत्तर, शेजाऱ्यांचे एकशे अठ्ठेचाळीस, मांजराचा एक. (मांजराचा भाग फार गाजला.)

एका महिन्यात धाकट्याला काही सुचेना. तेव्हा त्याने घाईघाईत बायकोचे एक वाक्य लिहून दिले. भांडी पुसता पुसता ती आपल्या थोरल्या बहिणीबद्दल सहज म्हणाली होती, “ताई आजारी पडते तीसुद्धा पाहुणे येणार असले की.” लेखकांनी त्यातला एकही शब्द बदलला नाही. (जिवंत संवादांबद्दल त्यांचा लौकिक आहे.) तो भाग लागला तेव्हा ताईंच्या घरी चार पाहुणे आले होते आणि ताई आतल्या खोलीत पडून होत्या. पाहुण्यांनी रेडिओ मोठा केला.

त्या दिवसापासून दोघी बहिणींचा रोजचा आठचा फोन बंद पडला. एरवी धाकट्याच्या घरी सगळे ठीक होते. बायको त्याच्याशी बोलत होती. “किल्ली”, “दूध”, “दार लाव”, इतके.

पंधराव्या दिवशी, म्हणजे त्या सोमवारी, तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला.

“चुकलं माझं,” तो म्हणाला.

“हा एकशे एकोणिसावा भाग,” बायको म्हणाली.

त्याने घसा साफ केला. “माझ्यामुळे तुझ्या मनाला...”

“दोनशे तीस. त्यात मागे पाऊस होता.”

तिसऱ्यांदा त्याने नुसताच श्वास आत ओढला.

“हुंदका नको. भाजी करपतेय.” तिने गॅस बारीक केला. “सव्वीस वर्षं मला रोज एकच माणूस विचारत होतं, जेवलीस का म्हणून. ते तू तोडलंस. शनिवारी पाचला ताईकडे चल आणि ते वाक्य तू दिलंस, हे स्वतःच्या तोंडानं सांग. लिहून आणलेलं चालणार नाही. ती माझ्याशी बोलली नाही, तर मलाही तुझ्याशी बोलण्यासारखं काही उरणार नाही.”

लिहून आणलेले चालणार नाही, यावर धाकट्याने नटाला शोभेल असा विचार केला. पाठ झालेले ते आपलेच. मंगळवारी पाप आटोपल्यावर त्याने लेखकांना गाठले.

“मला एक माफी लिहून हवीय.”

“पात्र कोण?”

“मीच.”

“वय?”

“अहो, मी! हा समोर उभा आहे तो!”

“बरं, बरं. पत्रक भरा.”

माफी बुधवारी तयार झाली आणि रीतीप्रमाणे गुरुवारी मंजुरी समितीपुढे गेली. अध्यक्ष चर्चचे पाळकसाहेब, मनाने फार मऊ. त्यांनी ती दोनदा वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, “इतकी सुरेख माफी एका माणसावर खर्च करायची?”

समितीने ती एकमताने येत्या रविवारच्या भागासाठी घेतली. दुरुस्ती एकच सुचवली: ‘मी चुकलो’ हे वाक्य घरच्यांनी एकत्र बसून ऐकण्यास जरा उघडे वाटते, सबब त्याऐवजी ‘आपण सारेच कुठे ना कुठे चुकतो’ असे घेण्यात यावे. शिवाय मंजूर झालेला मजकूर प्रसारणापूर्वी अन्यत्र वापरता येत नाही, हा नियम धाकट्याला वाचून दाखवण्यात आला.

“पण साहेब, शनिवारी मला ताईंसमोर...”

“रविवारी ऐकतीलच की त्या,” पाळकसाहेब मायेने म्हणाले. “साडेसातला.”

शुक्रवारी रेकॉर्डिंग झाले. छत्तीस सेकंद, पहिल्याच प्रयत्नात.

शनिवारी पाचला धाकटा बायकोबरोबर ताईंच्या बैठकीच्या खोलीत उभा होता. येणार असल्याचे आधी कळवलेले असल्यामुळे ताईंना बरे नव्हते. पाठीशी दोन उशा, अंगावर चादर. धाकट्याजवळ पाठ केलेले शब्द होते, पण त्यांना परवानगी नव्हती.

“ताई, ते वाक्य मी दिलं,” तो म्हणाला. “ही फक्त माझ्याजवळ बोलली होती.”

वेळ चार सेकंद. आवाज मध्येच फाटला. रेकॉर्डिंगवाल्याने हे कधीच पास केले नसते.

ताई उठून बसल्या. “म्हणजे ती म्हणाली होती तर! आणि मी जगाला सांगत सुटलेय, माझी बहीण असं बोलायची नाही, त्या मेल्या लेखकाचंच काम असणार म्हणून!”

“मग काय खोटं बोलले?” बायको म्हणाली. “आत्तासुद्धा तू झोपलीच होतीस की!”

ताईंनी उशा सरळ केल्या आणि चादर डोक्यावरून ओढून घेतली.

बायको त्याच्याबरोबर घरी परतली. वाटेत ती एकच वाक्य बोलली, “निदान आवाज तुझा होता.” हे कौतुक की निकाल, ते विचारायची धाकट्याची छाती झाली नाही.

रविवारचा भाग नऊ वर्षांतला सर्वांत यशस्वी ठरला. ध्वनिमुद्रित प्रत मागणारे सहाशे बेचाळीस अर्ज आले. ‘प्रत कोणाला ऐकवायची आहे’ या रकान्यात नवरा, जाऊ, साहेब, शेजारीण, सून, अशी सर्व थरांतली माणसे आहेत. ‘मला स्वतःला’ असे लिहिलेला अर्ज आढळला नाही. दोन अर्जांवर लागोपाठचे क्रमांक पडले. एकात ‘धाकट्या बहिणीला’ असे होते, दुसऱ्यात ‘थोरल्या बहिणीला’.

एका कुटुंबाला एकच प्रत, हा नियम. पाळकसाहेबांनी दोघींना कळवले की, प्रत कोणी कोणाला ऐकवायची ते आपसात बोलून ठरवावे आणि बुधवारी पाचपर्यंत कार्यालयाला फोन करावा. बुधवारी पाचपर्यंत फोन आला नाही. सव्वापाचला कार्यालयाने दोन्ही घरी लावून पाहिला. दोन्ही फोन व्यस्त होते. सहालाही व्यस्तच. त्या एकमेकींशी बोलत होत्या की आणखी कोणाशी, आणि काय बोलत होत्या, हे समजू शकलेले नाही. धाकटा तेव्हा स्वतःच्या घराबाहेर जिन्यात बसून होता. दार आतून लावलेले होते.

इतर प्रती शिल्लक आहेत. हे वाचताना ज्यांना घरातले किंवा शेजारचे कोणी आठवले असेल, त्यांनी अर्ज करावा. नाव आठवायला ज्यांना मुळीच वेळ लागला नाही, त्यांना प्राधान्य देण्यात येत आहे.